घेर मोठा हवा

"साटीन नको गं, स्वस्त दिसतं," भाचीची चष्मेवाली मैत्रीण म्हणाली आणि माझ्या शिवणाच्या खोलीत भांडणाला तोंड फुटलं. कॉमिक कॉनच्या जत्रेत आवडत्या पात्राचा वेश करून जायचं म्हणून तिघीजणी माझ्याकडे आल्या होत्या. रविवार पेठेतून आणलेली गुलाबी साटीन, कॅनकॅनची कडक जाळी, सोनेरी लेसचं रीळ आणि मोबाइलमध्ये क्युअर फ्लोराची, म्हणजे एका जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या हारुकाच्या जादूने पालटलेल्या रूपाची, पुढून, मागून, बाजूने घेतलेली चित्रं. ड्रेस घालणार होती तिसरी, कमी बोलणारी. मी तिचं कमरेचं माप घेत होते. भाची म्हणाली, "स्वस्त दिसलं तर बिघडलं कुठे? हारुका मिठाईवाल्याचीच तर मुलगी आहे." "हारुका आहे. फ्लोरा नाही. ट्रान्सफॉर्म झाल्यावर ती प्रिन्सेस असते." "म्हणजे ट्रान्सफॉर्म झाल्यावर बाप बदलतो का तिचा?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं. दोघींचा आवाज चढत गेला. फ्लोराने कोणत्या कापडाचा ड्रेस घालावा यावरून सुरू झालेली गोष्ट ती मुळात कोण, कुठल्या घरची, आणि कपडे बदलले की घर बदलतं का, इथवर पोचली. जिच्या अंगावर हे सगळं चढणार होतं ती आरशात बघत एवढंच म्हणाली, "मावशी, घेर मोठा हवा. बाकी काहीही चालेल."

मुली गेल्या, कापड माझ्याकडे राहिलं आणि ते "स्वस्त दिसतं" डोक्यात राहिलं. साटीन रेशमाची विणली जायची तेव्हा ती सरदार-दरकदारांच्या अंगावर असायची. पॉलिस्टरची व्हायला लागली, मीटरवर चार पैशांत मिळायला लागली आणि तिची पत गेली. चमक तीच आहे. फक्त ती आता कुणालाही परवडते.

मी काही लहानपणापासून ॲनिमे बघणारी नव्हे. भाची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून 'गो! प्रिन्सेस प्रीक्युअर' बघायला लागले. तिचा ताप उतरला, माझं बघणं उतरलं नाही. तोएई ॲनिमेशनच्या प्रीक्युअर मालिका जपानमध्ये 2004पासून रविवारी सकाळी साडेआठला लागतात, जवळजवळ दरवर्षी नव्या मुली आणि नवी गोष्ट. त्यातली ही बारावी, फेब्रुवारी 2015 ते जानेवारी 2016, पन्नास भाग. हारुका हारुनो ही जपानी मिठाईच्या दुकानदाराची थोरली मुलगी. बालवाडीत असताना 'फुलांची राजकन्या' नावाच्या चित्रपुस्तकाने तिला वेड लावलेलं असतं आणि मोठेपणी राजकन्या व्हायचंय म्हटल्यावर मुलं तिला हसतात. एक अनोळखी राजपुत्र, कानाता, तिच्या हातात एक किल्ली ठेवून सांगतो की स्वप्न सोडू नकोस. पुढे ती समुद्राकाठच्या नोबल अकादमी या निवासी शाळेत दाखल होते. तिथे मिनामी आहे, मोठ्या उद्योगघराण्यातली, विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष, जिला सगळी शाळाच राजकन्या म्हणते. किरारा आहे, सुपरमॉडेलची मुलगी आणि स्वतः मॉडेल. आणि मग ही, गोड खाऊन वाढलेली, पळताना धडपडणारी, पत्र्याच्या डब्यातून घरचा खाऊ वाटत सुटेल अशी वाटणारी मुलगी. तिघींना शत्रूशी लढायची सारखीच शक्ती मिळते, रूप पालटायला सारख्याच अत्तराच्या बाटल्या मिळतात. घरं सारखी नाहीत.

ते रूपांतर एकदा सावकाश बघा. अत्तराची ती बाटली पुढे येते, किल्ली तिच्यात बसते, फिरते. फवारा उडतो. आखूड तपकिरी केस लांब होत होत पिवळेधमक होतात आणि टोकांना गुलाबी रंग उतरतो. झग्याला पाकळ्यांसारखे थर फुटतात, हातमोजे चढतात, कानात फुलं येतात. एवढ्यावर थांबलं असतं तर मी चष्मेवालीची बाजू घेतलीच नसती. पण मग ती बोलते. एरवी हारुका कुठल्याही बारा-तेरा वर्षांच्या पोरीसारखी बोलते, उत्साहाच्या भरात शब्दावर शब्द आदळत. फ्लोरा झाली की तीच मुलगी शत्रूला बड्या घरच्या लेकींच्या घोळदार, अदबशीर बोलीत विचारते, आपली तयारी झाली आहे ना? जपानी न कळणाऱ्यालाही तो सूर बदललेला ऐकू येतो. केस वाढवणारी जादू मला चालते. जिभेवर दुसऱ्याचं घर आणून ठेवणारी जादू बघितली की मी जरा सावरून बसते.

कारण ती जादू मी शाळेत पाहिली आहे, आणि तिथे ती फसलेली पाहिली आहे.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका वर्षी ऐतिहासिक नाटुकलं होतं. राणीचं काम कुणाला द्यायचं हा प्रश्न बाईंना पडलाच नाही. वर्गात डॉक्टरांची एक मुलगी होती, गोरीपान, घरी आईचा शालू, आजीची नथ, सगळं तयार. तिचे संवाद पाठ होत नव्हते. पाठ होते ते शाळेच्या कोपऱ्यावर वडे तळणाऱ्यांच्या मुलीला, राणीचे, दासीचे, वकिलाचे, सगळ्यांचेच. तालमीला राणी आली नाही की ही उभी राहायची आणि आम्ही गप्प होऊन ऐकत राहायचो. पण तिचा 'ण' हा 'न' होता. "कोन आहे तिकडे" असं राणी म्हणाली की मागच्या बाकावरून खिंकाळणं सुरू. बाईंनी तिला बाजूला घेऊन 'बाण, पाणी, आणि' म्हणवून घेतलं, जीभ टाळूला कुठे लावायची ते स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. तिला 'ण' तालमीत जमायचा, राग आला की सुटायचा, आणि राणीला तर सारखा रागच यायचा. शेवटी ती विंगेत पुस्तक धरून उभी राहिली. भाड्याने आणलेल्या कपड्यांचा वास मला आजही आठवतो, डांबरगोळ्या, दुसऱ्या कुणाचा तरी घाम, काळपटलेली जर. दासी झालेल्या आम्ही सगळ्याजणी त्या वासात उभ्या होतो आणि राणी एकटी घरच्या शालूत. प्रयोगात राणी दोनदा अडली. दोन्ही वेळा विंगेतून वाक्य आलं, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत लोकांना ऐकू आलं, 'न'सकट.

म्हणून चष्मेवालीचा मुद्दा मला उडवून लावता येत नाही. तिचं म्हणणं असं, की मालिका एकीकडे सांगते कुणीही राजकन्या होऊ शकतं, आणि दुसरीकडे ती झाली हे दाखवायला तिच्या अंगावरून मिठाईवाल्याची मुलगी पुसून टाकते. केस तिचे नाहीत, बोली तिची नाही. मग जिंकली कोण? भाचीचं म्हणणं असं, की रूपांतर नवं काही आणत नाही, आत असलेलं बाहेर काढतं. हे म्हणणं मला फार गोड वाटतं, म्हणून जरा संशयास्पदही. राजकन्या हारुकाच्या आतलीच असेल तर तिच्या केसांचा रंग हारुकाचा न राहता पिवळा कसा निघतो?

जपानी जादूई मुलींच्या गोष्टींत हा प्रश्न पहिल्यापासून आहे. 1966मध्ये टीव्हीवर आलेली सॅली ही जादूच्या राज्याची खरोखरची राजकन्या होती, माणसांत राहायला आलेली. जादू तिला वारशाने मिळालेली. 1969मध्ये आली अक्को, साध्या घरची पोर, जिला जादूचा छोटा आरसा बक्षीस मिळतो आणि मग ती मंत्र म्हणून हवं ते होऊ शकते. या दोघींमध्ये जेमतेम दोन-तीन वर्षांचं अंतर आहे, पण जादू रक्तातून निघून मुठीत मावणाऱ्या वस्तूत आली. आणि वस्तूत आली की ती दुकानात विकता येते, अक्कोच्या आरशाची खेळणी तेव्हापासून विकली जाताहेत. 1983मधल्या क्रीमी मामीचे आईवडील क्रेपचं दुकान चालवतात आणि मुलगी जादूने मोठी होऊन टीव्हीवरची गायिका बनते. घरात कुणाला पत्ता नाही. आई पीठ कालवते आहे आणि पडद्यावर दिसणारी ती तारका आपलीच मुलगी आहे हे तिला माहीत नाही, यात मला गंमत वाटण्याऐवजी जरा पोटात कालवतं. दुकानदाराच्या मुली या गोष्टींना फार आवडतात. प्रीक्युअरमध्येही कुणाचं फुलांचं दुकान, कुणाचं खाणावळीवजा रेस्तराँ. दुकानदाराची मुलगी असली की घर पडद्यावर दाखवायला सोपं, हाताशी काम, गिऱ्हाइकांची ये-जा, आणि मुलगी गरीब नाही पण बडीही नाही.

आणि मग सेलर मून. नाओको ताकेउची यांच्या मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, 1992मध्ये मालिका सुरू झाली आणि 1997पर्यंत दोनशे भाग चालली. तिची नायिका उसागी ही मासिकात काम करणाऱ्या माणसाची मुलगी, परीक्षेत नापास, झोपाळू, रडकी. तिच्या आसपास वर्गाची उतरंड नीट लावलेली आहे, आमी डॉक्टर आईची हुशार मुलगी, रेई राजकारण्याची मुलगी, मुलींच्या खासगी शाळेत जाणारी, आणि आईवडील नसलेली, एकटी राहून स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारी माकोतो, जिच्या मापाचा गणवेश नव्या शाळेत मिळत नाही म्हणून जुन्याच शाळेचा घालून येते. (माकोतोचा तो लांब तपकिरी स्कर्ट हा मला साऱ्या मालिकेतला सगळ्यात बोलका कपडा वाटतो, आणि तो रूपांतराचा नाही.) पण पुढे उलगडतं की उसागी ही मागच्या जन्मी चंद्रावरची राजकन्या होती. झालं! ज्या रडक्या पोरीत आपण स्वतःला पाहत होतो तिच्या रक्तात राजघराणं निघालं. आपल्याकडे सिनेमातल्या गरीब नायकाच्या दंडावर जन्मखूण सापडायची आणि तो जहागीरदाराचा हरवलेला मुलगा निघायचा, तसंच हे. मला सेलर मून अतिशय आवडते, तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हारुकाच्या अंगावर जन्मखूण नाही. पन्नास भागांत कुठेही ती कुणाची हरवलेली लेक निघत नाही. हे मला पहिल्यांदा बघताना लक्षातही आलं नव्हतं, कारण मी प्रत्येक भागात ती निघण्याची वाट बघत होते.

याचं वजन कळायला खऱ्या जपानी राजकन्यांकडे बघावं लागतं. युद्धानंतर 1947च्या संविधानाने तिथलं सरदारवर्गाचं पद रद्द झालं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजघराण्याच्या अकरा शाखांमधल्या 51 जणांची गणती सामान्य नागरिकांत झाली. काल राजपुत्र, आज करदाता. 1959च्या एप्रिलमध्ये युवराज आकिहितो यांनी मिचिको शोदा यांच्याशी लग्न केलं तेव्हा सामान्य घरातली मुलगी पहिल्यांदाच युवराज्ञी झाली म्हणून देश वेडा झाला, वरात बघायला लोकांनी टीव्ही घेतले. सामान्य म्हणजे काय, तर वडील पिठाच्या गिरण्यांच्या मोठ्या कंपनीचे अध्यक्ष. तरीही दरबारातल्या जुन्या मंडळींना ती बाहेरचीच वाटत राहिली. सम्राज्ञी झाल्यावर, 1993मध्ये, मासिकांतल्या टीकेचा मारा चालू असताना त्या कोसळल्या आणि कितीतरी दिवस त्यांना बोलताच येईना. उलटी बाजूही आहे. राजघराण्यात जन्मलेल्या मुलीने बाहेरच्या माणसाशी लग्न केलं की कायद्याने तिचं राजकन्यापद जातं. आकिहितोंची मुलगी सायाको 2005मध्ये तोक्योच्या महापालिका सरकारातल्या एका नोकरदाराशी लग्न करून बाहेर पडली, त्याआधी ती गाडी चालवायला शिकली. 2021मध्ये त्यांची नात माको गेली. मुलगा असता तर असं काही झालं नसतं.

म्हणजे तिथे राजकन्या होण्याचे दोन दरवाजे, जन्म आणि लग्न, आणि बाहेर पडायचा एरवी वापरला जाणारा एक, तोही लग्नाचाच. आणि ही बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हणते, मला तिसऱ्या दरवाज्याने जायचंय, शिकून. मालिकेत तिच्यासाठी राजकन्येचे धडे आहेत. चहा करायचा, व्हायोलिन धरायचं, पार्टीसाठी ड्रेस स्वतः शिवायचा. मी शिवणारी बाई, त्यामुळे ड्रेसच्या भागात माझं लक्ष तिच्या हातांकडेच होतं. रूपांतरात पाकळ्या आपोआप जुळतात, आणि याच मुलीला कापड समोर ठेवून बसावं लागतं. हे दोन ड्रेस एकाच मालिकेत शेजारी ठेवणाऱ्या माणसांना काय म्हणायचं होतं ते मला नीट कळतं. ज्यांनी बाही बसवली आहे त्यांना विचारा. पुढची गोलाई आणि मागची गोलाई वेगळी असते, बाहीचं कापड मुंढ्यापेक्षा जरा जास्त असतं आणि तो जास्तीचा भाग चुणी न पडू देता जिरवायचा असतो. पहिल्या खेपेला चुणी पडतेच. उसवायचं, पुन्हा टाचायचं. या कामात बाप कोण हे कापड विचारत नाही. शिकवायला कुणी बसलंय का आणि उसवायला वेळ आहे का, एवढंच बघतं.

मालिकेने हा वाद स्वतःच शत्रूच्या तोंडी दिला आहे, हे दोघी मैत्रिणी भांडताना विसरल्या होत्या. मधल्या भागांत ट्वायलाइट नावाची काळी राजकन्या येते. थंड, देखणी. तिच्या लेखी अस्सल राजकन्या जन्मावी लागते आणि कष्ट करून राजकन्या होऊ बघणारी फ्लोरा ही नक्कल. हे ऐकून हारुका चिडत नाही, ती हिरमुसते, कारण ट्वायलाइट खरोखरच तिच्यापेक्षा डौलदार आहे आणि हे तिला दिसतं. ज्याने कधी उंची वस्तूसमोर उभं राहून स्वतःच्या चपलांकडे पाहिलं असेल त्याला तो चेहरा ओळखीचा वाटेल. पुढे ट्वायलाइट ही कानाताची लहानपणी पळवून नेलेली बहीण तोवा निघते. म्हणजे ती खरंच जन्माने राजकन्या! आणि इथे मालिका मला आवडते, कारण जन्म सिद्ध झाल्याने तिचं काहीच सुटत नाही. आपल्या हातून झालेल्या नासाडीची तिला इतकी लाज वाटते की राजकन्या म्हणवून घ्यायला ती तयार नाही. मग तीही त्याच शाळेत, त्याच वसतिगृहात येऊन पहिल्यापासून सुरू करते, आणि साध्या जगण्यात पावलापावलाला अडते.

पण सगळ्यात मोठा घाव ट्वायलाइट घालत नाही. तो कानाताच्या हातून बसतो, शत्रूच्या हातून बसला असता तर मी फारसं मनावर घेतलं नसतं. अडतिसाव्या भागात, स्मृती गेलेला कानाता, तिला पुन्हा पुन्हा जखमी होताना बघून, काळजीने सांगतो की हे स्वप्न तुला एवढं छळत असेल तर तू राजकन्या होऊ नयेस. दुष्टावा नाही त्यात, खरंखुरं प्रेम आहे. लहानपणी ज्याने परवानगी दिली त्यानेच ती काढून घेतली. हारुका कोसळते, बाटली आणि किल्ली असून नसल्यासारखी. मला या प्रसंगाने अस्वस्थ केलं, कारण "झेपत नसेल तर सोड, कशाला जिवाला त्रास" हे वाक्य आपल्याकडे कोणत्या घरांतल्या मुलींना जास्त ऐकवलं जातं हे मला माहीत आहे. डॉक्टरांच्या मुलीला संवाद पाठ होईनात तेव्हा तिला कुणी हे म्हटलं नाही. तिला घरी शिकवणी लावली.

एकोणचाळिसाव्या भागात ती उठते. आधी रूपांतर होत नाही, आधी आठवण येते, लहानपणची ती स्वतःच समोर उभी राहते आणि तुला कसली राजकन्या व्हायचंय असं विचारते. कुणी सांगितलं म्हणून मी हे धरलेलं नाही, कुणी नको म्हटलं म्हणून सोडणारही नाही, इथवर ती येते, आणि काट्यांनी वेढलेल्या शाळेत फुलं उगवायला लागतात. अंगावर तोवर साधे कपडे आहेत, केस आखूड आहेत. भाची म्हणते, बघ, रूपांतर आधीच झालं! चष्मेवाली म्हणते, मग नंतर पुन्हा पिवळे केस कशाला? मी या भागात दोघींचंही ऐकत नाही, कारण मला दोन्ही वेळा रडू येतं आणि दोन्हींचं कारण वेगळं असतं. ज्या मुलीला आयुष्यभर बिनझगमगाटाचं सुंदर म्हणून समजावलं जातं तिला कधीतरी झगमगाटही हवा असतो. साधेपणाचं कौतुक करणाऱ्यांच्या कपाटात बहुधा दोन-तीन पैठण्या असतात. "घेर मोठा हवा" म्हणणाऱ्या त्या मुलीला काय म्हणायचं होतं ते मी असं समजते.

या वादात पुएल्ला मागी मादोका मागिकामधली क्योको कुणीतरी मध्ये आणतंच, तेव्हा तिच्याबद्दल थोडं. 2011ची ती मालिका, बारा भागांची, काळीकुट्ट. क्योको धर्मोपदेशकाची मुलगी, बापाचं कुणी ऐकेना म्हणून घरात खायला नाही. लोक बापाचं ऐकू देत, एवढं मागून ती जादूई मुलगी होते. बापाला खरं कळतं, तो तिला चेटकीण म्हणतो आणि तिच्याखेरीज सगळं घर संपवतो, स्वतःसकट. लाल झगा, हातात भाला, आणि तोंडात सतत काहीतरी खाणं. अन्न टाकलेलं तिला सोसत नाही. तिचं रूपांतर बघताना कुणी वर्गबिर्ग बोलत नाही, कारण तिथे भूक आहे आणि भुकेवर वाद घालायला जरा लाज वाटते. हारुकावर वाद घालता येतो, तिचं पोट भरलेलं आहे म्हणूनच.

आणि इथे माझी मालिकेवरची खरी तक्रार आहे. शेवटच्या भागात किल्ल्या परत जातात, शक्ती जाते, अत्तराचा फवारा नाही की झगा नाही. मुली मोठ्या होतात, आपापल्या वाटेने निघतात, हारुकाच्या खोलीत राहणारी युई चित्रपुस्तक काढते. त्यांनी शिकलेलं मात्र कुणी परत मागत नाही, व्हायोलिन, शिवण, चारचौघांत ताठ उभं राहणं. इथपर्यंत मी मालिकेच्या बाजूने आहे, साटीन असो की रेशीम. पण हे सगळं ती शिकली कुठे? समुद्राकाठच्या त्या शाळेत, जिच्या जिन्यांवर, बागेत, जेवणघरात पैसा दिसतो. रूपांतराची बाटली राजपुत्राकडून आली असेल, वसतिगृहाचे पैसे राजपुत्राकडून आले नाहीत. याबद्दल मालिका फारसं बोलत नाही. आईवडील आणि धाकटी मोमोका एका भागात शाळेत भेटायला येतात, प्रेमळ माणसं, आणि निघून जातात. खेळणी बनवणाऱ्या बंदाई कंपनीला अत्तराच्या बाटल्या विकायच्या होत्या, दुकानाची खतावणी कोण विकत घेणार, हे मला समजतं. मैत्रिणी एका भागात हारुकाच्या घरी राहायलाही जातात. तरी पन्नासात एक अख्खा भाग मला त्या दुकानाच्या रोजच्या कामाचा हवा होता. पहाटे भिजलेल्या अझुकी, म्हणजे चवळीसारख्या बारीक लाल बिया, त्या शिजवून, वाटून, साखरेत आटवणारा बाप, हाताला चिकटणाऱ्या तांदळाच्या पिठाच्या पाऱ्या वळणारी आई, बोटांवर भाजल्याचे डाग, सणाच्या आधीची गर्दी, सणानंतरचं उरलेलं. आणि रात्री शटर ओढून, गल्ल्यातले पैसे मोजून, थोरलीच्या शाळेचे बाजूला काढताना दोघांचं झालेलं बोलणं. त्यात एखाद्याने तरी म्हटलं असेल की एवढी महागडी शाळा कशाला. आणि दुसऱ्याने काय उत्तर दिलं, ते मला ऐकायचं होतं.